बाटली घरी, पाणी काचेवर

अनया, कबीर — तुम्ही पाठवलेल्या या फोरमवरचे अतर्क्य अनुभव मी चष्मा लावून नीट वाचले. निम्म्या ठिकाणी वाटलं, या लोकांनी आधी दाराची कडी तपासायला हवी होती. मी इंग्रजी शाळेत शिकले, जन्मभर इंग्रजीच शिकवलं. देवाला नमस्कार करते, पण मागत काही नाही. तरीही एक गोष्ट माझ्याकडेही आहे... क्रमाने सांगते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही मालवणजवळ कट्टा गावात राहत होतो. तुमचे आजोबा एसटीने कुडाळला कामावर जात, त्यामुळे घरची जुनी गाडी मीच चालवायची. डॅशबोर्डखाली एक रबरी बटण होतं. ते अंगठ्याने दाबलं की बॉनेटखालच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी नळीतून वर येई आणि दोन बारीक छिद्रांतून समोरच्या काचेवर उडे. आमच्या विहिरीचं पाणी जड, छिद्रं क्षाराने बुजायची. म्हणून दर महिन्याला मी छिद्रं टाचणीने मोकळी करी आणि बाटली काढून, धुऊन वाळत ठेवी. त्या दिवशी सकाळी ती अशीच मागच्या पडवीत उपडी ठेवली होती. म्हणजे गाडीत बाटलीच नव्हती.

दुपारी चारनंतर शेजारचा दत्ताराम धावत आला. "बाईनू, सरूक फुरसा चावला."

सरू त्याची बायको. काजू वेचताना चिऱ्याखाली हात गेला होता. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, आणि त्यावरची लस मालवणच्या दवाखान्यात. मी चपला न घालताच गाडी काढली.

चौके गावाच्या पुढे सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, चिरे भरलेला एक ट्रक आमच्या पुढे रखडत चालला होता. लाल धुळीचा लोट, आणि उतरतं ऊन थेट डोळ्यांवर... काच पार आंधळी झाली. वायपर लावला तर धूळ निघण्याऐवजी तिचा लेप झाला. उतरून पदराने पुसलं, लेप आणखी पसरला. बोट हुंगलं — खोबरेल.

"दत्ताराम, काचेला तेल कोणी लावलं?"

"मीयाच, बाईनू. खाऱ्या वाऱ्यान बंपर गंजता म्हणान सकाळी तेल पुसलंय. फडक्यार उरला, तां काचेर फिरवलंय. चकचकीत दिसात म्हणान."

मागच्या सीटवरून सरू म्हणाली, "माज्या डोक्याक तेल नाय, आणि गाडीक लावतत."

मला हसू आलं, आणि वळून पाहिलं तर तिच्या दातांना रक्त होतं.

आसपास घर नाही, विहीर नाही. खिडकीतून मान बाहेर काढून मी माणसाच्या चालीने गाडी नेऊ लागले. अशाने पोचायला अंधार पडला असता. पुढच्या वळणावर राखणदाराचा, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. येणारे-जाणारे तिथे विडी ठेवतात, मी कधी थांबले नव्हते. तो दिसताच दत्तारामने हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा म्हाराजा, या वाटेच्या राखणदारा, तुज्या हद्दीत तुजा लेकरू अडाकला हा."

"व्हय म्हाराजा," सरू पुटपुटली.

"काय चुकला-माकला तां माजा. तिका तेचो त्रास नको."

"व्हय..." तिचा आवाज तिथेच विरला.

"वाट मोकळी कर रे म्हाराजा."

कोणीच बोललं नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःच होकार द्यायचा नसतो, तो दुसऱ्याने द्यायचा असतो. गाडीत दुसरं कोण होतं? मी म्हणाले, "व्हय म्हाराजा." आणि सवयीने अंगठा बटणावर गेला.

बटण जड लागलं, बाटली भरलेली असताना लागतं तसं. दोन धारा काचेवर उडाल्या. मी पुन्हा दाबलं, पुन्हा आल्या. वायपर फिरला आणि तेल साबण लावल्यासारखं निघून गेलं. रस्त्यावरचा खडा न् खडा दिसू लागला. मी हॉर्न वाजवून ट्रकला मागे टाकलं, आणि मालवणच्या अलीकडचं कुंभारमाठ येईपर्यंत जेव्हा जेव्हा बटण दाबलं, तेव्हा तेव्हा पाणी आलं.

सरूला लस मिळाली. डॉक्टर म्हणाले, "अजून तासभर गेला असता, तर सांगता आलं नसतं."

मग आम्ही बॉनेट उघडलं. बाटलीची जागा रिकामी. नळीचं टोक लोंबत होतं, बोट घालून पाहिलं तर कोरडं ठणठणीत. घरी आले तेव्हा बाटली पडवीत तशीच उपडी होती.

तुमचे आजोबा इंजिनियर. त्यांनी शंभरदा बटण दाबून पाहिलं, नुसती फुस्स हवा. कागदावर चार शक्यता लिहिल्या. नळीत साठलेलं पाणी ही पहिली, पण ते जेमतेम चमचाभर असतं. रात्रीपर्यंत चारही त्यांनी स्वतःच खोडल्या, आणि खाली लिहिलं, 'माहीत नाही'. एवढ्या वर्षांत त्यांनी लिहिलेले हे दोन शब्द मी पहिल्यांदा पाहिले.

कोणाला अधिक कळत असेल तर जरूर सांगा, मी मन लावून वाचेन. मला मात्र पुन्हा पुन्हा आठवतो तो चौथा दिवस. सरू दवाखान्याच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता उतरली, तिने नवऱ्याला मागे बसायला लावलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसली.

"चला, बाईनू. पण हळू चालवा. माका सगळा बघूचा आसा."