सात दिवस बाहेर

"देवाला चालत नाही," म्हणत साहेब उजवा हात आडवा करत आणि चर्चच्या दारात रेल्वेचं फाटक पडे.

कुर्डुवाडीला तिकीट तपासनिसाची नोकरी करून ते सोलापुरात स्थायिक झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी बायबलच्या जुन्या करारातलं नियमशास्त्र उघडलं आणि त्यांना पुन्हा काम मिळालं. काय खावं, कशाला शिवू नये, कोण किती दिवस अशुद्ध, सगळं लाल पेन्सिलीने अधोरेखित. आम्ही कॅथलिक मंडळी, बाप्तिस्म्यातच धुऊन निघालो अशा समजुतीत होतो. त्यांनी सणाच्या जेवणातून डुकराचं मांस हद्दपार केलं. मंडळींनी ते घरी नेऊन जास्तच आवडीने खाल्लं.

एकदा ते गायनवृंदातल्या आम्हा सगळ्यांना दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड कसं निषिद्ध आहे ते सांगत होते. गिरणीतल्या एका जुन्या कामगाराने त्यांची बाही चिमटीत धरली. "साहेब, ह्ये मिक्स हाय की. निम्मा कापूस, निम्मं पॉलिएस्टर."

पुढच्या रविवारी ते चुरगळलेल्या खादीत आले. दुसऱ्याला छळत, पण स्वतःला सवलत देत नसत.

शेवंताबाई एका दवाखान्यात आया होत्या. मेलेल्यांना आंघोळ घालायचं काम त्यांच्याकडेच येई. ईस्टरला त्या वेदीसाठी फुलं घेऊन आल्या, तर फाटक पडलं.

"बाई, परवाच प्रेताला शिवलात. सात दिवस बाहेर."

"साहेब, आमच्याकडं दर आठवड्याला कोन ना कोन जातंय. मग मी आत कवा यायचं?"

उत्तर ठरलेलं होतं, "देवाला चालत नाही." बाई फुलं पायरीवर ठेवून परत गेल्या. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मी गीतांची वही उघडून पान शोधू लागलो.

मिस्साची उपासना संपल्यावर फादर साहेबांना म्हणाले, "अहो, तो नियम पाप मोजायला नव्हता. मरणाला शिवून लगेच देवासमोर उभं राहू नये, जरा थांबावं, एवढंच. मढं धुणं तेव्हाही पुण्याचंच काम होतं. आणि प्रभू येशूने तर मेलेल्या मुलीचा हात धरून तिला उठवलं."

"प्रभूंची गोष्ट वेगळी," ते म्हणाले.

त्याच वर्षी त्यांची पत्नी त्याच दवाखान्यात वारली. मुलगी पुण्याहून निघाली होती. हे खोलीबाहेर भिंतीला टेकून उभे. शेवंताबाईंनी दारातून हाक मारली. "साहेब, ताईंचं तोंड मी धुते. पाय तेवढे तुमी धुवा."

ते भिंतीपासून बाजूला झाले. मग बाह्या सारून आत गेले. शेवंताबाईंनी नंतर मला सांगितलं, "लई हळू धुतले. दुखंल म्हून."

त्या रविवारी ते चर्चच्या पायरीवर बसून राहिले. फादर बोलावून दमले, तरी आत येईनात. तेवढ्यात फुलं घेऊन शेवंताबाई आल्या.

"हितं का बसलाय?"

"सात दिवस व्हायचेत."

बाई शेजारी बसल्या. "मग मीबी थांबते. माजे तर कधीच सरनार न्हाईत."

 ते उठले, बाईंच्या हातातली निम्मी फुलं घेतली आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. दोघं बरोबरच वेदीपर्यंत गेले.

त्यानंतर दवाखान्यात कोणी बेवारस पुरुष गेला की शेवंताबाई त्यांना फोन करत, आणि ते रिक्षा करून जात. नियमशास्त्र त्यांनी सोडलं नाही. उलट प्रत्येक मढ्यानंतर सातव्या दिवशी नेमाने न्हात. पण दारात उभं राहणं सुटलं.

गेल्या वर्षी गुडघे गेले, मुलीने त्यांना पुण्याला नेलं.

परवा आमच्यातलेच एक एकटे राहणारे आजोबा वारले. दवाखान्यात आम्ही आठ-दहा पुरुष जमलो. शेवंताबाई बाहेर आल्या. "आंघोळीला आत कोन येतंय?"

एकाचा फोन वाजला. एकाची कंबर धरली. मी सकाळीच आंघोळ करून निघालो होतो, तसं मी बाईंना सांगितलं.