चिंचेने उजळलेली नाणी

"थांबा, काटा स्थिर होऊ द्या," असं म्हणून मामा केबिनच्या काचेवर बोटाने टकटक करायचे. समोर लोखंडाने भरलेला ट्रक काट्यावर चढलेला असायचा, ड्रायव्हर घाईत, मागे हॉर्नचा कल्ला, आणि पडद्यावरचे लाल आकडे अजून डुलत असायचे. ते डुलायचे थांबल्याशिवाय मामा पावती काढत नसत. मोठा शेठ स्वतः येऊन उभा राहिला तरी नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातला वजनकाटा तुमच्यापैकी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत बसवलेला भला थोरला पत्रा आणि त्याच्या बाजूला एवढीशी केबिन. त्या केबिनला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत प्लायवुडची, त्यामुळे मामांचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं आणि माझ्या मशीनची घरघर त्यांना. अकरा वर्षं आम्ही असे शेजारी होतो. मामा म्हणजे काही माझे सख्खे मामा नव्हेत. अख्खा बाजार त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही.

त्यांचं ते वाक्य फक्त ट्रकपुरतं नव्हतं. मी करंजाड्याला फ्लॅट बुक करायला निघाले तेव्हाही मला तेच ऐकवलं. एकदा नवऱ्याशी भांडून आले आणि दुकानाचं शटर धाडकन वर केलं, तर भिंतीपलीकडून शांतपणे आलं, "ताई, काटा स्थिर होऊ द्या." असा संताप यायचा! पण दुपारपर्यंत तो कुठे गेला ते कळायचं नाही, हेही खरं.

आमच्या बाजारात एक रीत होती. नवी गाडी पहिल्यांदा काट्यावर आली की ड्रायव्हर खाली उतरून पुढच्या चाकापाशी, पत्र्यावर, एक नाणं ठेवायचा. ते नाणं काटेवाल्याचं. इतर काटेवाले त्याचा चहा पिऊन मोकळे होत. मामा विचारत, "गाव कंचं?" आणि नाणं रुमालात बांधून ठेवत. मामांना जुनी नाणी आवडतात हे हळूहळू रस्त्यावर सगळीकडे पसरलं असावं. मग ड्रायव्हर घरातली, देव्हाऱ्यातली, आजीच्या बटव्यातली नाणी मुद्दाम घेऊन येऊ लागले. भोकाचा पैसा आला, कमळाचं पितळी वीस पैशांचं आलं, राजाच्या छापाचे चांदीचे चार रुपये आले, कऱ्हाडच्या एका ड्रायव्हरने तर शिवराई आणली. अशी दोनशेच्या वर नाणी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जमली.

उन्हाळ्यात दुपारी दोननंतर गाड्या थांबायच्या. समोर रचलेल्या लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्यांवरची, कॉइलवरची, हवा थरथरत असायची, पलीकडचे ट्रक जमिनीपासून वीतभर वर तरंगल्यासारखे दिसायचे. अशा वेळी मामा टॉवेल पसरून त्यावर नाणी मांडत आणि त्यातलं एक उचलत.

"ह्ये बगा ताई, भूतानचं. तिकडं रस्ता ढगातनं जातो म्हनं. गाडी लावून झोपलं की सकाळी ढग केबिनमदी येऊन बसल्याला असतो. त्याला हातानं भाईर काढावा लागतो."

मामा स्वतः सातारा आणि कळंबोली सोडून कुठे गेलेले नव्हते. ड्रायव्हरने नाणं ठेवताना दोन वाक्यं सांगितलेली असायची, बाकीचं सगळं मामांचं. मी कुणाच्या तरी आधार कार्डाच्या प्रती काढता काढता त्या ढगातून जाऊन यायची. आजही भूतान म्हटलं की मला ते प्लायवुडच्या पलीकडून, साताऱ्याच्या बोलीत दिसतं. डोळे जड व्हायचे, पंखा करकरायचा, आणि बाहेर कुठला हॉर्न वाजला की दोघंही दचकून आपापल्या कामाला लागायचो.

घरी, नावड्याला, मामींनाही ते रोज रात्रीच्या जेवणावर एक नाणं सांगत. मामी हसून मान हलवत. एके दिवशी मामांना कसला संशय आला कोण जाणे. ताटावर बसल्या बसल्या, चेहरा तसाच ठेवून ते म्हणाले, "आज समदा बाजार जळून गेला." मामींनी हसून मान हलवली आणि आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी मामांनी हे मला सांगितलं तेव्हा ते काचेकडे बघत होते. "धा-बारा सालं झाली आसतील, तिला कमी ऐकाय येतं म्हनून. म्या समजत हुतो थोडं कमी. तिला कायच येत नव्हतं ताई. माजं मन राखत हुती."

पनवेलच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मशीन लावलं तर ऐकू येईल. मशीनचा आकडा मामांच्या पगारात बसणारा नव्हता.  आठवड्याने मामा डबा घेऊन माझ्या दुकानात आले, काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ही कशी इकायची, सांगा."

मी विचारलं, "सगळी?"

"समदी. तिच्या कानापुढं काय हाय ह्याचं?"

बाजारातल्या भंगारवाल्याने पहिला भाव सांगितला, तोही किलोवर. त्याने डबा तराजूकडे न्यायला हात पुढे केला तेव्हा मामा असे भडकले की बघत राहावं. ज्या माणसाने जन्मभर वजनाच्या पावत्या फाडल्या, त्याला वजनाने विकण्याचा एवढा राग आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मग माझी अक्कल चालली. मी नाण्यांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकले. तासाभरात फोन. "मॅडम, देवीवालं पाच रुपयाचं नाणं आहे ना? लाखात जाईल! फक्त रजिस्ट्रेशनची फी भरा."  फोनवर पैसे पाठवायला मी बोट टेकवणार, तेवढ्यात प्लायवुडवर टकटक झाली. काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी वैतागून थांबले. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने आणखी एक फी मागितली, तिसऱ्या दिवशी नंबरच बंद. शिकलेली बाई म्हणून बाजारात माझा थोडा दरारा आहे, म्हणून हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघं बसने मुंबईला, फोर्टात, जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. खाडीच्या पुलावरून बस जाताना ते पाण्याकडे बघत पुटपुटले, "हिला पयलं काय सांगायचं, ह्येच ठरत न्हाय."

व्यापारी म्हातारा आणि सज्जन होता. त्याने डबा उघडला आणि क्षणभर डोळे किलकिले केले, इतकी ती नाणी चमकत होती. भिंगातून त्याने शिवराई पाहिली, मग भोकाचा पैसा, मग आणखी दहा-बारा. मग हळूच विचारलं, "ही धुता का तुम्ही?"

"व्हय तर!" मामांची छाती फुगली. "दर लक्ष्मीपूजनाला. आमची मंडळी चिंच लावून राखेनं घासती. मग दुधानं धुवायची, हळद-कुंकू लावून पाटावर मांडायची. एक साल चुकलं न्हाय."

व्यापाऱ्याने भिंग खाली ठेवलं. जुन्या नाण्यावर वर्षानुवर्षं काळपट थर चढतो, त्या थरालाच आम्ही किंमत देतो, असं तो समजावत होता. घासलं की थर जातो, अक्षरं झिजतात. चांदीचे चार रुपये तो चांदीच्या भावाने घ्यायला तयार होता. "बाकीची घरी ठेवा, काका. छान दिसतात." त्याने आम्हाला चहा पाजला. मी कप तसाच ठेवून डब्याचं झाकण लावलं. एका दिवाळीत त्यांच्या घरी पाटावर बसून मीसुद्धा हौसेने चिंच चोळली होती.

मामांनी चार रुपयेही विकले नाहीत. परतीच्या बसमध्ये, वाशी आल्यावर, ते म्हणाले, "मामीला सांगू नगा. कंबर दुकत आसताना घासल्यात तिनं. तिला वाटतं तिच्या हातानं लक्ष्मी उजळली." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला रडू आलं होतं आणि ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं.

पुढे दोन महिने डब्याचा विषय कुणी काढला नाही. दसऱ्यानंतरच्या एका दुपारी सवयीने मामांनी टॉवेल पसरला होता. कॉइलचे एक शेठ पावतीसाठी खिडकीशी आले आणि तिथेच थबकले. "मामा, हे काय सोनं मांडलंय? लक्ष्मीपूजनाला ठेवायला एक द्या ना मला. सराफाकडची नवी नाणी बघून कंटाळा आला. हे कसं, पूजेतलं वाटतं."

"पूजेतलंच हाय," मामा म्हणाले. आणि शेठची पावती काढायला वळले. मी प्लायवुडला कान लावून उभी होते, मला राहवेना. पण ते घाईने काही ठरवणाऱ्यांतले नव्हतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी मला एक पाटी लिहायला सांगितली: पूजेची जुनी नाणी, एका गाळ्याला एकच.

पाटीवर न लिहिलेली एक अटही होती. नाणं घेणाऱ्याने स्टुलावर बसून त्याची गोष्ट पुरती ऐकायची. तुम्ही ते दोन आठवडे बघायला हवे होते. ज्यांना गाडी पाच मिनिटं थांबली की नुकसान दिसतं, ते शेठ लोक फोन उलटा ठेवून, गाल हातावर टेकून, भूतानचा ढग ऐकत बसलेले. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे विसरले. एवढा आवाजी बाजार, पण त्या दिवसांत दुपारी तो पेंगुळल्यासारखा झाला होता. गोष्ट संपली की मामा नाणं कागदात गुंडाळून देत आणि दरवेळी सांगत, "आमच्या मंडळींनी घासलंय ह्ये. चमक बगा." ज्या चिंचेने फोर्टात घात केला, तिच्याच जोरावर इथे पैसे मोजले जात होते. भाव कुणी पाडून मागितला नाही. काहींनी तर मामींसाठी म्हणून वर घातले.

भूतानचं नाणं मला हवं होतं. मी संकोचात राहिले आणि ते कॉइलवाल्या शेठने नेलं. त्याची चुटपुट अजून आहे. धनत्रयोदशीला डबा रिकामा झाला आणि मशीनचे पैसे जमले.

मामा गेले, त्याला आता दोन वर्षं झाली. झोपेतच गेले. काट्यावर नवं यंत्र बसलंय, पावती आपोआप निघते, केबिनला कुलूप आहे. प्लायवुडपलीकडे दुपारी इतकं शांत असतं की मी झेरॉक्सचं मशीन उगाच चालू ठेवते.

परवा नावड्याला मामींकडे गेले होते. कानात मशीन होतं. मशीन घ्यायला दोघं पनवेलला गेले तो दिवस मी मामांना कितीदा विचारला होता, ते लाजून उडवून लावायचे. म्हणून आता मामींना विचारला.

मामी म्हणाल्या, "दुकानात मशीन लावलं. ह्ये माज्या मागं हुबं हुते. म्हनले, 'ऐकाय येतंय का?' म्या दचकून मागं बगितलं. म्हनलं, ह्यो कोन म्हातारा बोलतोय? ह्यांचा आवाज माज्या ध्यानात हुता, त्यो धा-बारा सालांमागचा. मधल्या मधी त्यो म्हातारा झाला, आन् मला कुनी सांगितलंच न्हाय."

त्यांनी कानातलं मशीन बोटाने नीट बसवलं.

"ह्ये घाबरले. म्हनले, मशीन बिगाडलंय का? म्या म्हनलं, न्हाय, बोला. काय बी बोला, पन बोला. तवा एक शबुद सुचंना ह्यास्नी. रिक्षात बसलो आन् मंग जे सुरू झाले... एकेक नाणं, पयल्यापास्नं. नावडं कवा आलं, कळलं न्हाय. दारात रिक्षा हुबी, ह्येंचं चालूच. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, पन उतरा म्हनला न्हाय."