दोन अर्ज, तीन सह्या

लोकसभेच्या अध्यक्षाला उद्या राजीनामा द्यावासा वाटला, तर तो त्यानं कुणाच्या नावे लिहायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

उपाध्यक्षाच्या. घटनेत तसं लिहिलं आहे. आणि उपाध्यक्षच निवडलेला नसेल तर? घटना म्हणते, होईल तितक्या लवकर निवडा. किती लवकर, हे सांगत नाही. म्हणून ती खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहू शकते. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. घरात सांगायला कुणी असतं तर हसलं असतं.

घरात मी एकटीच होते. भाषावार राज्यं वेगळी झाली तेव्हा आजोबांनी जबलपूर सोडलं नाही, पण पुढे एकेक करून सगळे नागपूरला गेले. शेवटी आईही भावाकडे गेली. मी जबलपुरातच, गढा भागातल्या दोन खोल्यांत शिकवण्या घेत राहिले. वडील होते तोवर छापखान्यात खिळे जुळवायचे. छपाईत बिघडलेली पत्रकं ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गृहपाठ करी. दुसऱ्या बाजूला संप, पाणीपट्टी, जाहीर सभा, तीव्र निषेध. मला धड्यातली कविता यायच्या आधी 'तीव्र निषेध' वाचता येत होतं.

तर उपाध्यक्षाचं ते कलम वाचल्यावर मी संसदेकडे अर्ज लिहायला बसले. मागण्या दोनच. उपाध्यक्षाची निवड ठरलेल्या मुदतीत व्हावी. आणि अध्यक्ष निवडून आला की त्यानं आपल्या पक्षाचं सदस्यत्व सोडावं, म्हणजे कुणाला बोलू द्यायचं आणि कुणाला बसवायचं हे ठरवताना त्याला घरचं कुणी राहणार नाही. अशा अर्जाची भाषा आदराची आणि संयत लागते, असा नियम आहे. पहिल्या मसुद्यातून मी अकरा विशेषणं काढली. दोन परत घातली, मग तीही काढली.

सही एकाची असली तरी चालते. पण मला एकटीच्या सहीचा अर्ज नको होता. आमच्या मराठी मंडळातल्या चार माणसांनी तो वाचावा आणि सोबत यावं, एवढंच त्या महिन्यात मला हवं होतं.

वार्षिक सभेत मंडळाच्या सचिवकाकांनी मला पाच मिनिटं दिली. मी वाचत होते तेव्हा बटाटेवड्याच्या प्लेटा फिरत होत्या. वाचून झालं, मागून कुणीतरी 'मंजूर' म्हटलं, टाळ्या पडल्या आणि सभागृहाच्या पंख्यांचा विषय निघाला. सही मात्र कुणी केली नाही. चहा झाल्यावर बघू म्हणाले आणि चहा झाल्यावर चपला शोधू लागले.

काकांना माझी दया आली. आमच्याकडे दारातच हजेरीवहीत सही करायची पद्धत आहे. सही केली की वड्याचं कूपन मिळतं. काकांनी त्या वहीची पानं सुटी करून माझ्यापुढे धरली.

"काहून तोंड पाडून बसली? साठ सह्या आहेत. लाव अर्जाला अन् दे पाठवून दिल्लीला."

"काका, या वड्यासाठी केलेल्या सह्या आहेत."

"अच्छा? अन् टाळ्या काय वड्यालाच वाजवल्या?"

जवळचे सगळे हसले. मीही हसून पानं परत करू शकले असते. पण मी उभी राहिले आणि म्हणाले, की संसदेनं नियमानं वागावं असं सांगायचं आणि त्याच कागदाला दुसऱ्याच कामाच्या सह्या जोडायच्या, ही लबाडी आहे. लबाडी हा शब्द काही संयत नव्हता. काकांनी पानं वहीत ठेवली, वरून तळहात फिरवला आणि माझ्याकडे न बघता खुर्च्या गोळा करा म्हणाले. मदत करायला आलेल्या माणसाला मी सगळ्यांसमोर लबाड ठरवलं होतं.

त्यानंतर मंडळाच्या वाचनालयात मी शिरले की बोलणं थांबायचं. घरोघर गेले. कुणाचा मुलगा सरकारी नोकरीत होता. कुणाला हा अर्ज कोणत्या पक्षाचा, ते आधी हवं होतं. माझ्या शिकवणीतली एक मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "दीदी, इससे होगा क्या?" परत येताना रोज तोच कागद पिशवीत असायचा, आणि दिवसभरात इतक्या दारांत बोलूनही कुणाशी बोलल्यासारखं वाटायचं नाही.

शेवटी दीक्षितपुऱ्यात, शाळेत मला नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईंकडे गेले. त्यांनी पेन्सिल घेतली आणि ओळन् ओळ वाचली.

"उपाध्यक्षाचं पटलं," त्या म्हणाल्या. "दुसरं नाही."

"काहून, बाई?"

"पक्ष सोडला तर पुढच्या निवडणुकीत त्याला तिकीट कोण देईल? तो वरून सोडेल अन् आतून धरून ठेवेल. आज निदान दिसते तरी, कुणाचा आहे ते. याचं काय करायचं, ते तू लिहिलंच नाही."

मी तासभर भांडले. बाई म्हणाल्या, अर्ध्या कागदावर सही करता येत नाही, आणि पोह्यांची बशी पुढे सरकवली. महिनाभरात माझा अर्ज खरोखर वाचणारं हे पहिलं माणूस, आणि त्यांनीच नाही म्हटलं.

दुसरी मागणी खोडली की बाईंची सही मिळत होती. तीन दिवस मी ते वाक्य खोडत आणि पुन्हा लिहीत होते. चौथ्या दिवशी दोन वेगळे अर्ज केले.

उपाध्यक्षाच्या अर्जावर बाईंनी एक स्वल्पविराम दुरुस्त केला, मग सही केली, खाली पूर्ण पत्ता लिहिला. दुसरा अर्ज माझ्याकडे सारून म्हणाल्या, "हा तू एकटीनं पाठव. मी विरोधात आहे, एवढं ध्यानात ठेव."

पोस्टात दोन पाकिटं दिली. एकावर दोघींची सही होती, एकावर माझी. उत्तर अजून आलेलं नाही. काकांकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी खुर्ची पुढे करून बस म्हटलं, पण विषय बदलला.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या खासदाराला पत्र लिहा आणि विचारा, की उपाध्यक्षाच्या निवडीला मुदत घालायला त्यांचा पाठिंबा आहे का. माझा मजकूर उतरवून घेऊ नका. आधी या मागणीत चूक शोधा, पेन्सिल घेऊन बसा. चूक सापडली तर तीही पत्रात लिहा, आणि मगच खाली सही करा.