कोंबडी डालावी तसं पिल्लू

दवाखान्यातल्या सिस्टरने विचारलं, "केवढं होतं कुत्रं?"

मी डावा हात छातीपर्यंत उचलून दाखवला. उजव्याला फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्यातून रक्त ठिबकत होतं. शेजारी उभ्या बायकोने माझा डावा हात धरला आणि खाली आणला. कंबर गेली, गुडघा गेला, नडगीच्या मध्यावर येऊन ती थांबली. "एवढं. पावणेदोन किलोचं. घरचंच आहे."

"पिसाळलेलं नाही ना?"

"ते नाही," बायको म्हणाली.

रांगेतली सगळी माणसं हसली. मी हसलो नाही, कारण अंगठ्याजवळच्या कातडीला चार भोकं पडली होती आणि ती का पडली हे मला पक्कं माहीत होतं.

पिल्लू मुलीचं. पॉमेरियन, तीन महिन्यांचं. झटकलेल्या कापसाच्या गोळ्याला दोन डोळे लावावेत तसं. मुलीची बदली झाली बंगळूरला. तिथे घर मिळेपर्यंत महिनाभर ते आमच्या वराळ्याच्या फ्लॅटमध्ये राहणार होतं. सोबत तिने दोन वस्तू आणल्या: जाळीच्या चौकटी जोडून उभं करायचं एक कुंपण, आणि पुढे जाळीचं दार असलेली प्लास्टिकची पेटी.

"बाबा, एवढा रस्ता मी एकटीच गाडी चालवणार. हे पेटीत शांत बसलं तरच नेता येईल. नाहीतर..." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कुणाला तरी देऊन टाकावं लागेल. पण तुम्ही घाई करू नका हं. दार उघडं ठेवा, आत खाऊ टाका. त्याचं ते जाईल."

मी तोंडावर हसलो. आंदर मावळात वाढलेला माणूस मी. आमच्याकडे दिवस मावळताना कोंबड्या डालतात, म्हणजे बांबूच्या मोठ्या उपड्या टोपल्याखाली, डालग्याखाली, झाकून ठेवतात. मुंगूस आणि रानमांजर यांच्यापासून तेवढाच बचाव. मागून जायचं, दोन्ही पंखांवर झडप घालायची, आत ढकलायचं, वर धोंडा. मिनिटभर कलकलाट, मग अंधारात सगळं गप. लहानपणी रोज पंधरा कोंबड्या मी अशा डालल्यात. पावणेदोन किलोच्या कापसाला दार उघडं ठेवून आमंत्रण कशाला द्यायचं?

मुलीची गाडी फाटकाबाहेर गेली आणि मी कामाला लागलो. पिल्लू मागून उचललं, कुंपणात टाकलं. वर चादर पसरली. चादर हलू नये म्हणून आडवा पाट टाकला आणि पाटावर, विद्येला जागून, वरवंटा ठेवला.

कोंबडी मिनिटभर ओरडते. हे थांबेचना. ओरडणं कसलं, करवत लोखंडावर घासल्यासारखा आवाज. आतून ते जाळीवर अंग आपटत होतं, पडत होतं, पुन्हा आपटत होतं. पाचव्या-सहाव्या धडकेला चौकटी तिरक्या झाल्या, पाट घसरला आणि वरवंटा खाली आला. फरशी फुटली. पिल्लापासून जेमतेम चार बोटांवर. पिल्लू एकदम गप्प झालं आणि उभ्या जागी मुतलं.

खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला. "काका, भांडण चाललंय का? पोरं घाबरलीत."

"नाही हो," मी म्हणालो, "शिकवणी चाललीय."

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी गोणपाट आणलं. कोपऱ्यात कोंडून ते त्याच्यावर टाकलं आणि गुंडाळून पेटीकडे नेलं, तर गोणपाटातून दात बाहेर आले. ते माझ्या हाताला लटकलं, मी हात झटकत होतो, पिल्लू हवेत, रक्त भिंतीवर. आणि मी त्याला मारलं. हे गमतीत सांगता येत नाही. दुसऱ्या हाताने डोक्यावर मारलं, जोरात. सुटलं तसं गुडघ्याने पेटीत रेटलं आणि कडी लावली.

हात धुवायला गेलो आणि जाणूनबुजून उशीर केला. बायको बाजारातून आली तेव्हा ते जाळीला नाक घासत होतं. नाकाची साल निघाली होती. जाळीवर रक्त होतं, त्यातलं माझं किती आणि त्याचं किती, कळत नव्हतं. तिने दार उघडलं, पिल्लू सोफ्याखाली गेलं. मग तिने माझा हात पाहिला आणि चप्पल घातली. तो दवाखाना.

त्यानंतर पेटी नुसती हलवली तरी ते सोफ्याखाली लघवी करायचं. मुलीचे फोन यायचे. "बसतं का पेटीत?" "मस्त," मी सांगायचो. महिना मात्र संपत चालला होता.

मग मी गावी दादाला फोन केला. थोरला भाऊ, शेती, गुरं, दारात तीन कुत्री. कौतुकाने म्हणाला, "आण की हितं. मोकळ्या रानात दोन दिस राहिलं की सुधारतंय." मीही आंघोळ न केलेल्या बुद्धीने पिल्लू घेऊन गेलो. अंगणात पेटी ठेवली, दार उघडं, आणि पिल्लू खाली सोडलं.

तिन्ही कुत्री एकदम आली. पहिल्याने पाठीत धरलं आणि फडकं झटकावं तसं झटकलं. दादाने कुदळीचा दांडा त्याच्या बरगडीत घातला, कुत्रं केकाटलं, पिल्लू सुटून माझ्या पायाशी पडलं. पेटी दोन हातांच्या अंतरावर होती. मी ओरडलो, "आत जा! आत!" आणि पायाने त्याला तिकडे सारलं. त्याने पेटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि ते वळून परत कुत्र्यांत घुसलं.

दुसऱ्याने कान फाडला. शेवटी दादा दांडा टाकून पिल्लावर पालथा पडला. पोटरीला चावा त्याने खाल्ला, पण पिल्लू त्याच्या पोटाखाली वाचलं. कुत्री हाकलल्यावर तो तसाच मातीत बसून राहिला, पिल्लू सदऱ्यात गुंडाळून.

"आरं, ह्ये कुत्र्यांपरीस तुला जास्त भ्यातंय," तो म्हणाला. "काय केलंस तू ह्येला?"

मी सांगितलं. कोंबड्यांचंही सांगितलं.

"येड्या, पोटरी फुटली नसती तर उठून हाणला असता तुला. कोंबडी दिस बुडाला की सोताच्या पायानं डालग्याकडं येती. तू निस्तं वरून झाकायचं. धावून धरावी लागायची ती फकस्त, जी तू आदल्या दिवशी पंख पिरगाळून धरल्याली. आई लय शिव्या घालायची तुला. ध्यानात न्हाई व्हय?"

नव्हतं. मला फक्त माझी झडप आठवत होती.

पिल्लाच्या पाठीला सात टाके, कानाला तीन. उरलेले दिवस शिकवणी बायकोने घेतली. तिने पेटीचे स्क्रू काढले आणि नुसतं खालचं तबक हॉलमध्ये ठेवलं. त्यात उकडलेल्या कलेजीचे तुकडे. तीन दिवसांनी पिल्लाने पुढचे पाय आत ठेवले. मग ते आत बसायला लागलं. मग छप्पर लावलं, मग दार, मग दार क्षणभर लोटलं. ह्या सगळ्यात माझं काम कलेजी उकडायची आणि गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायचं. मी खोलीत दिसलो की ते बाहेर उडी मारायचं.

मुलगी आली. पाठीवरून हात फिरवला आणि थबकली. "हे काय?"

"दादाची कुत्री."

"आणि नाकावर?"

"ते मी," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. वरवंट्यासकट. फोनवरच्या 'मस्त'सकट. तिच्या चहावर साय धरली. मग एवढंच विचारलं, "पण बसतं ना आता?"

"बसतं," बायको म्हणाली. "हे समोर नसले की."

निघायच्या वेळी मी न सांगता बाथरूममध्ये गेलो आणि कडी लावली. बाहेर बायकोचा आवाज आला, "ये, ये बाळा." नखांची टकटक. मग पेटीच्या दाराचा खटका. मी श्वास रोखून किंचाळण्याची वाट पाहिली. लिफ्ट आली, गेली. आवाज झाला नाही.

"या बाहेर," बायकोने दार ठोठावलं. "गेलं ते. अगदी शहाण्यासारखं गेलं."

खाली गाडी सुरू झालेली ऐकू आली. मी कडी काढली नाही. म्हटलं, मुलगी काही विसरून पेटीसकट परत वर आली आणि पिल्लाला मी दिसलो तर.