पहाऱ्यातून सुटलेले ड्रेवेसकाका

आमच्या प्रशियाच्या फौजेत 'गेफ्राइटर' हा हुद्दा म्हणजे काही मोठी सरदारकी नव्हे. शब्दाचा अर्थच मुळी 'मोकळा केलेला'. कशातून? तर पहाऱ्यातून. वर्षानुवर्षं इमानानं थंडीवाऱ्यात उभा राहिलेला शिपाई असा सुटायचा. मग त्यानं इतरांना चौकीवर नेऊन सोडायचं, स्वतः उभं राहायचं नाही.

योखेन ड्रेवेस असे सुटले तेव्हा आमच्याच घरी राहायला होते. दोन खोल्यांत मी, त्यांच्याच पलटणीत शिपाई असलेला माझा नवरा माथिस आणि शेगडीजवळची जागा बळकावून बसलेले हे काका. कुरकुर तर विचारूच नका!

"पोरी, हे बिअरचं सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

"नको असेल तर ठेवा खाली."

ठेवायचे मात्र कधीच नाहीत.

एका जानेवारीत माथिस तापानं फणफणला. फौजेच्या वैद्यानं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "उभा राहतोय ना? मग धाडा." पहारा दारूगोळ्याच्या कोठारावर, समोरून ओडर नदीवरचा बोचरा वारा. चौकीवर जो खाली बसेल त्याची पाठ फटक्यांनी सोलून काढायचे. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "काका, हा काही परत येत नाही बघा."

काका त्याला घेऊन गेले. थोड्या वेळानं माथिस एकटाच परत आला, काकांच्या लोकरी गळपट्ट्यात गुंडाळलेला. बंदूक काढून घेऊन काकांनी त्याला घरी हाकललं होतं.

सार्जंट त्यांच्यावर खेकसला म्हणे, "ड्रेवेस, तुला पहारा माफ आहे, डोकं फिरलंय का?"

"माफ आहे. मनाई थोडीच आहे?"

संध्याकाळी काका लंगडत आले. पायाची बोटं गारठून काळी पडली होती, ती पुढे कापावीच लागली. "रडतेस काय? सूप आण. आज तरी दाट कर गं बाई!" माझा नवरा जगला तो या माणसामुळे. त्यांचं नाव निघालं की आजही माझा ऊर भरून येतो.

पुढे माथिसही गेफ्राइटर झाला, आणि त्याच हिवाळ्यात काका गेले. साध्या गेफ्राइटरला मानाचा पहारा कोण देणार? सकाळी दार उघडते तर बाहेर बर्फात, शवपेटीशेजारी, माथिस खांद्याला बंदूक लावून ताठ उभा.

"अरे, तुला आता पहारा माफ झालाय ना?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

पहाऱ्यावर बोलायचं नसतं. मी आत गेले आणि काकांचा गळपट्टा आणून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला.