साडूंचा पासपोर्ट आणि नदीवरचा राजवाडा

माझ्या साडूंइतका धास्तीखोर माणूस अख्ख्या ओमानमध्ये दुसरा नसेल. मस्कतच्या घाला भागातल्या एका गॅरेजात ते एकवीस वर्षं फोरमन होते. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून नेमकं दुखणं सांगत. पण स्वतःच्या घराला कुलूप लावलंय का, हे बघायला तीनदा जिने चढत. विमान सकाळी दहाचं असलं की पहाटेपासून बूट घालून बसत. आमच्याकडे जेवायला आले की आधी गाडी उलट्या तोंडाने लावत. परतताना वळवायला जागाच मिळाली नाही तर? माझ्या बायकोची ताई, म्हणजे त्यांची बायको, मात्र निवांत. तिचं म्हणणं, "हे दोघांपुरती काळजी करतात. मग मी कशाला करू?"

अशा माणसाला फ्रान्सचं खूळ लागलं ते एका कॅलेंडरमुळे. एका फ्रेंच गिऱ्हाइकाने दिलेल्या त्या कॅलेंडरवर ल्वार नदीच्या खोऱ्यातले राजवाडे आणि बागा होत्या. वर्ष संपलं तरी साडूंनी ते भिंतीवरून उतरवलं नाही. शेवटी २०१४-१५च्या सुमारास आम्ही दोन्ही जोडपी निघालो. साडूंचा पासपोर्ट, गॅरेजातल्या सगळ्यांप्रमाणेच, ऑफिसच्या कपाटात असे. गावी जाताना मिळायचा, परतल्यावर जमा. गावी तो ट्रंकेत राहायचा. परक्या मुलखात खिशात घेऊन हिंडायची ही पहिलीच वेळ. दर दहा मिनिटांनी त्यांचा हात कोटावर जाई. कधी मला म्हणत, "तुम्ही ठेवा." मी ठेवला की पाच मिनिटांत परत मागत.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही नदीवर पुलासारख्या बांधलेल्या एका राजवाड्यात गेलो. आम्ही तिघं पुढे झालो. माहिती सांगणारं यंत्र घेऊन, ते गळ्यात अडकवून साडू मागून आले. राण्यांचे महाल झाले, स्वयंपाकघर झालं. नदीवरच्या लांब दालनात त्यांचा हात सवयीने कोटावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी सगळे खिसे तपासले, मग ताईची पर्स जमिनीवर उपडी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान होतं, ओमानचा व्हिसाही त्याच पासपोर्टवर होता आणि राजवाडा बंद व्हायला अर्धा तास उरला होता.

आम्ही आल्या वाटेने परत फिरलो. मी पलंगांखाली वाकून बघत होतो आणि रखवालदार मला उठवत होता. साडू खिडकीतून खाली नदीकडे बघत राहिले, जणू पासपोर्ट तिथूनच वाहून चाललाय. चेहरा पांढरा पडला होता. मला एवढंच म्हणाले, "नोकरी गेली. खलास." ताईने पहिल्यांदाच त्यांचा हात धरला. दिवे मालवायला लागले होते. पोलिसांत जायचं ठरवून आम्ही दाराशी आलो, तेव्हा माझी बायको म्हणाली, "भावोजी, गळ्यातलं ते यंत्र तरी परत करा."

त्यांनी दाराजवळच्या, यंत्रं मिळायच्या खिडकीवर ते दिलं. आतल्या मुलीने ते घेतलं, खण उघडला आणि पासपोर्ट काढून त्यांच्यापुढे ठेवला. यंत्राच्या बदल्यात ओळखपत्र ठेवून घेतात, तशी पाटीही तिथे होती. मला हसू फुटलं, पण साडू हसले नाहीत. "तिने हात पुढे केला, मी दिला," ते म्हणाले. "दिल्याचं लक्षातसुद्धा राहिलं नाही हो." कॅलेंडरवर पाहिलेली या राजवाड्याची बाग एव्हाना बंद झाली होती. फाटकाच्या गजांतून जेवढी दिसली तेवढी बघून आम्ही स्टेशन गाठलं.

मस्कतला परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पासपोर्ट जमा करायला गेले होते, पण देववेना. शेवटी अर्बाबला, म्हणजे गॅरेजच्या मालकाला, विचारलं, माझ्याकडेच ठेवू का? म्हातारा अर्बाब चकित झाला. म्हणाला, ठेव ना, आधी का नाही मागितलास?

"एकवीस वर्षं," साडू म्हणाले. "मी विचारलंच नाही." पलीकडून गॅरेजातल्या कुठल्याशा इंजिनाचा आवाज येत होता. त्याला काय झालंय, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.