वार्सितीचं हो

लिही रेत्नो. मी सांगते तसं लिही, शहाणपणा करून वाक्यं नीट करत बसू नकोस.

वार्सिती तुला आठवते ती म्हातारी. पोरासारखे बारीक केस कापलेली, तुला उकडलेला कसावा द्यायची ती. मी सांगते ती तेव्हाची, जेव्हा तिचे केस कमरेखाली यायचे आणि त्यात उवांचा बाजार भरायचा. तिचं आणि माझं घर पाठीला पाठ. तिचा नवरा सुकार्यो साखर कारखान्यात, तुझा आजा वीटभट्टीवर. ते दोघं सकाळी गेले की आम्ही घरीच. लोकांनी विचारलं काय करतेस, तर वार्सिती म्हणायची, काही नाही, घरीच असते. आणि हे म्हणताना तिच्या कडेवर पोर, हातात झाडू आणि चुलीवर भात.

दुपारी भात उतरला की आम्ही तिच्या दारातल्या पायऱ्यांवर बसायचो. वरच्या पायरीवर मी, मधल्या पायरीवर वार्सिती, खालच्या पायरीवर तिची धाकटी मुर्नी. मी वार्सितीच्या उवा काढायची, ती मुर्नीच्या. मुर्नीच्या पुढ्यात कुणी नसायचं, म्हणून ती मांजर धरून बसायची आणि त्याच्या अंगात बोटं घालायची. चार वर्षांची होती. पंजा मारून मांजर पळून गेलं की रडायची, मग वार्सिती म्हणायची, "अगं, मांजरालासुद्धा घरकाम असतं, जाऊ दे त्याला."

आमच्या गावात बायकांची मैत्री म्हणजे ही. जिच्या हातात डोकं देता येतं ती मैत्रीण. तोंड एकमेकींकडे नसतं, म्हणून काहीही बोलता येतं. नवऱ्याचं, सासूचं, कुणाची पाळी चुकली त्याचं. वार्सिती हसायला लागली की तिचं डोकं हलायचं आणि हातातली ऊ सुटायची. मी चापट मारायची.

तर सुकार्योची मोठी बहीण हार्तिनी. सुराबायाला दिलेली, नवरा बंदरावर मोठ्या कामाला, घरात फरशी, पंखा. पण नऊ वर्षं कूस उजवली नव्हती. आमच्यात काय म्हणतात, घरात दुसऱ्याचं मूल आणून वाढवलं की आपलं येतं. मासा यावा म्हणून गळाला आमिष लावतात ना, तसं. जवळच्या नात्यातलंच घ्यायचं. त्या वर्षी ईदला हार्तिनी आली ती आपल्या आईकडे दहा दिवस राहिली. गावाच्या त्या टोकाला. निघायच्या दोन दिवस आधी वार्सितीकडे आली, केळ्यांचा घड घेऊन, आणि मुर्नीला मागितलं. मी तिथंच होते, पायरीवर. हार्तिनी म्हणाली, "वहिनी, हिला मला दे थोडे दिवस. माझं झालं की परत."

वार्सिती म्हणाली, "हो वन्सं."

आता शहरातल्या माणसाला हे कळायचं नाही. तुलाही कळत नाही, तू फटकन नाही म्हणतेस, तुझी आई त्यावरून मला बोलते. आमच्यात तोंडावर नाही म्हणत नसत. मोठ्या नणंदेला तर नाहीच. आधी हो म्हणायचं. हो म्हणजे ऐकलं. मग दुसऱ्या दिवशी कुणाला तरी पाठवायचं, शेजारणीला, चुलतीला, आणि तिनं आडून आडून नाही पोचवायचं. मागणाऱ्याला ते कळतं. तो म्हणतो असू दे, राहू दे, आणि कुणाचंच तोंड काळं होत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

हार्तिनी गेल्यावर वार्सिती आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "पाई, उद्या तू जाशील ना?"

मी म्हणाले जाईन. आणि मी गेले बरं का. नाही गेले असं कुणी म्हणायचं नाही.

हार्तिनीनं मला आत बोलावलं. खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर, मला. चहा दिला, मोगऱ्याच्या वासाचा, असा गोड की ओठ चिकटावेत. बरोबर तांदळाचे वडे. मी म्हणाले, मुर्नी रात्री आईचा पदर धरल्याशिवाय झोपत नाही. ती म्हणाली, माझा धरेल. मी म्हणाले, पोर अजून अंथरूण ओलं करते. ती म्हणाली, आमच्याकडे गाद्या पुष्कळ आहेत. मी म्हणाले, तिला आईच्या हातचंच लागतं, दुसऱ्याचा घास थुंकून टाकते. ती हसली, म्हणाली, "पाईनेम, आणखी एक वडा घे."

मी घेतला.

मला वाटलं मी सांगितलं. तीन वेळा सांगितलं. आमच्या रीतीनं तीन वेळा म्हणजे ओरडून सांगितल्यासारखं. हार्तिनी याच गावात वाढलेली, तिला समजलं नाही असं होणार नाही. तिला समजलं होतं रेत्नो. तिनं समजून घ्यायचं नाकारलं, एवढंच. आणि मी चहा संपवला, कप उपडा घातला आणि घरी येऊन वार्सितीला म्हणाले, पोचवलं. ती म्हणाली, बरं झालं बाई, आणि त्या दुपारी आम्ही नेहमीसारख्या पायरीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार दारात. हार्तिनीनं मुर्नीसाठी नवा फ्रॉक आणलेला, लाल सपाता आणलेल्या. सुकार्यो तिथंच उभा, बहिणीसमोर त्याच्यानं काय बोलवणार. वार्सितीनं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. तिनं मुर्नीचे केस विंचरले. फणीनं, अगदी मुळापासून, लिखांसकट सगळं काढलं. मोटार वाट बघत होती आणि ही विंचरतेय. मुर्नीला वाटलं फिरायला चाललोय. मांजराला पण घेऊ म्हणाली.

त्यानंतर पायरीवर आम्ही दोघीच. मी वर, ती मधे. तिच्या हातांना काही काम नसायचं. सुरुवातीला ती मुर्नीच्या जागी शेंगा घेऊन बसायची, सोलत. मग नुसतीच बसायला लागली.

त्यावरून मला ती एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर बरं. माझी पोरं आजारी पडली तेव्हा लापशी घेऊन आली, मी तिच्या सासऱ्याच्या मयताला तीन दिवस भात रांधला. सगळं होतं तसं. फक्त कुणाकडे निरोप द्यायचा असला तर मला सांगायची नाही. दोन घरं टाकून तिसरीला सांगायची.

दीड वर्षानं हार्तिनीला मुलगा झाला. वार्सितीला कळलं तशी तिनं मुर्नीच्या झोपायच्या जागी नवी चटई घातली. तिच्या मापाच्या सपाता अंदाजानं आणल्या. पोर दीड वर्षात किती वाढते, मला विचारत होती, आणि मीही वीत लावून सांगत होते, शहाण्यासारखी. मग निरोप आला. पोरीच्या पायगुणानं बाळ आलंय, ती गेली तर बाळाला बाधेल, थोडी मोठी होऊ दे त्याला. निरोप आणणाऱ्या माणसाला वार्सितीनं चहा दिला आणि म्हणाली, "हो, बरोबर आहे."

पुढच्या ईदला मुर्नी आली. अंगानं भरलेली, पायात मोजे. हार्तिनीनं तिला पुढं ढकललं, म्हणाली, मामीच्या पाया पड. तिनं खाली वाकून वार्सितीचा हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "चुकलंमाकलं माफ करा मामी." ईदला सगळेच तसं म्हणतात. वार्सितीनंही म्हणायचं ते म्हटलं, तूही मला माफ कर. तिचा तो हात मी बघत होते. पोरीच्या डोक्यावर ठेवला होता, आणि बोटं आपोआप केस बाजूला करायला लागली. हार्तिनी म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे शाम्पू असतो." सगळे हसले. मी पण हसले.

दरवर्षी असंच. मुर्नी यायची, मामी म्हणायची, सांदण खायची, जायची.

मग वार्सितीनं एक धरून ठेवलं. मला कधी बोलली नाही, पण सुकार्योला बोलली आणि त्याच्याकडून मला कळलं. कागदावर हार्तिनीनं काहीही लिहू दे, निकाहाला खरा बाप लागतो. सांभाळणारा चालत नाही. काजी खऱ्या बापाचं नाव घेऊनच पोर देतो. म्हणजे एक दिवस त्यांना सुकार्योला बोलवावंच लागेल, चार माणसांत सांगावंच लागेल. वार्सिती त्या दिवसावर जगली, पंधराएक वर्षं. दात पडले, थोरला पोरगा बोर्निओला गेला तो तिकडेच राहिला, सुकार्योचा गुडघा गेला. ती म्हणायची, होईल.

झालं. मुर्नीचं लग्न ठरलं आणि बोलावणं आलं. वार्सितीनं मला विचारलं, येतेस का, स्वयंपाकाला हात लागेल. बावीस वर्षांची पोरगी, तिची आई लग्नाला निघाली तर सोबत भात शिजवायला शेजारीण. मी गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला सात जणी न्हाऊ घालतात. सात विहिरींचं पाणी, फुलं. पहिली हार्तिनी, आई म्हणून. मग हार्तिनीची सासू, मग चुलत्या. सातवी कमी पडत होती, कुणाची तरी तब्येत बिघडलेली. हार्तिनी म्हणाली, मामीला बोलवा. वार्सिती चुलीपासून उठून आली, पदराला हात पुसत. हातात करवंटीचं ओगराळं घेतलं, पाणी घातलं आणि मुर्नीच्या मानेवरचे ओले केस बाजूला केले. तसंच, पूर्वीसारखं, कानामागून.

मुर्नी वळली नाही. हळूच म्हणाली, "उवा नाहीत मामी."

म्हणजे तिला आठवत होतं. चार वर्षांची होती आणि सगळं आठवत होतं. वार्सिती चुलीपाशी परत आली, भाताखालची लाकडं सारखी करत राहिली. तोंड असं झालेलं की जणू तिलाच कुणी न्हाऊ घातलंय. म्हणाली, "पाई, हात लागला गं केसांना."

आता हे लिही. हे कुणाला ठाऊक नाही.

त्या दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत होते. मुर्नी आली, अंगाला हळद, केस ओले. हार्तिनी तिच्या मागंच होती, चहाचे कप घेऊन. मुर्नी माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही तिथं होता ना? मला नेलं तेव्हा. ती हो म्हणाली होती का?"

मी वर बघितलं. हार्तिनीनं कप माझ्यापुढं धरला.

रेत्नो, नाही म्हणायचं होतं. म्हणायचं होतं, तिनं मला पाठवलं होतं नाही सांगायला, मी वडे खाऊन परत आले. एवढंच. पण समोर लग्नाचं घर, पाहुणे, ती बाई हातात चहा घेऊन उभी. मी म्हणाले, "हो गं, म्हणाली होती."

मुर्नी म्हणाली बरं. उठली आणि गेली. चहा मी प्याले.

दुसऱ्या दिवशी काजीनं सुकार्योचं नाव घेतलं, सगळ्या मांडवानं ऐकलं. जरा कुजबुज झाली, मग जेवणं वाढली. आईचं नाव निकाहात घेत नाहीतच. वार्सितीनं ते इतक्या वर्षांत ध्यानातच घेतलं नव्हतं. आईच्या खुर्चीवर हार्तिनी होती. मुर्नी तिच्या पायाशी वाकली, रडली, रीतीनं. निघताना मामीच्याही हाताला कपाळ लावलं, इतर मामींसारखंच.

परतीच्या बसमध्ये वार्सिती सारखी म्हणत होती, ती येईल बघ. आठवतंय तिला. आता मोकळी झाली, येईल. मी खिडकीबाहेर बघत होते.

नाही आली. नवऱ्याबरोबर मकासरला गेली. ईदला फोन यायचा, मामी बऱ्या आहात ना. तीन वर्षांनी वार्सितीनं केस कापून टाकले. म्हणाली, कशाला वाढवायचे, काढणारी एकच, तिलाही आता दिसत नाही. मी तरी रोज जाऊन बसायची पायरीवर, तिच्या मागं. कापलेल्या डोक्याकडे बघत. कधी विचारलं नाही तिनं की त्या दिवशी तू हार्तिनीला काय सांगितलंस. मी पण सांगितलं नाही. ती गेली त्या दुपारीसुद्धा मी तिच्या उशाशी होते, आणि तिनं विचारलं, "मुर्नीला कळवलं का?" मी म्हणाले, हो, निघाली आहे.

कळवलं होतं. निघाली नव्हती.

बस, झालं. आता तू विचारतेयस, हे मकासरला पाठवायचं का, पत्ता आहे का. आहे की पत्ता. पाठवू. हो, पाठवू बाळा.

तू आधी चहा ठेव.